'जाते' म्हणू नये

४ फेब्रुवारी, मंगळवार

फूटपट्टीने आज माझे प्रश्न परत पाठवले. एकगठ्ठा. प्रत्येकावर तोच शेरा, लाल पेनाने, त्याच त्या रेखीव अक्षरात — "एकाहून अधिक उत्तरे संभवतात." शिक्का करून घेतला असता तर शाई तरी वाचली असती.

फूटपट्टी म्हणजे आमचा नवा तपासनीस. वाचताना ओळीखाली खरीखुरी फूटपट्टी धरतो, म्हणून मी त्याला हे नाव ठेवलंय. वय माझ्या लेकीएवढं. मी भरतीच्या परीक्षांसाठी 'रिकाम्या जागा भरा'चे प्रश्न काढायला लागले तेव्हा हा बाराखडी गिरवत असेल. आणि आता हा मला शिकवणार — वाक्य कसं असावं, पर्याय कसे असावेत! चार शब्द द्यायचे. एक बरोबर, तीन चकवे. चकवा असा हवा की हात आधी त्याच्याकडे गेला पाहिजे, पण वाक्य नीट वाचलं की मागे आला पाहिजे. त्यासाठी वाक्यात कुठेतरी खूण ठेवायची. ज्याला खूण दिसली त्याला मार्क, नाही दिसली तो गेला. झोपेतसुद्धा काढीन मी असे प्रश्न.

सगळ्यात जास्त वाजलं ते एकाच प्रश्नावरून. 'आजी दारात चपला घालता घालता म्हणाली, बरं, ____ हं.' पर्याय — येते, जाते, निघते, पळते. उत्तर — येते.

फूटपट्टीचं म्हणणं, आजी प्रत्यक्षात जात आहे, तेव्हा 'जाते' चूक कसं? मी म्हटलं, अरे बाबा, निघणारं माणूस 'जाते' म्हणत नाही. 'जाते' म्हणू नये. 'येते' म्हणावं. शेंबडं पोरही सांगेल. तर म्हणतो, "संदर्भ काय, मॅडम?"

"माझी आई," मी म्हटलं.

त्याने समासात लिहिलं — संदर्भ नाही.

घरी येईपर्यंत डोकं तडकलं होतं. लहानपणी शाळेला निघताना "जाते गं" म्हटलं की आई हातातलं काम टाकून दारात यायची. परत आत बोलवायची. 'येते म्हण.' म्हटल्याशिवाय सोडायची नाही, मग शाळेची घंटा होऊन जाऊ दे. आता याला ग्रंथ कुठला दाखवू?

'निघते'बद्दल मात्र त्याचं थोडं खरं आहे. 'निघते' म्हणतात लोक. ते काढून 'सुटते' घालते. त्यालाही वाटू दे, आपण काहीतरी केलं.

६ फेब्रुवारी

संध्याकाळी आई तिच्या जुन्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. कमी ऐकू येतं, त्यामुळे हिचं गुपित तिसऱ्या मजल्यावर कळतं. मी स्वयंपाकघरात होते. तिकडून विचारलं असणार, हल्ली कुठे असतेस? तर ही म्हणते, "धाकटीकडे आलेय."

आलेय!

बाबा गेल्यापासून माझ्याकडे आहे. माझ्या लेकीची शाळा, कॉलेज, नोकरी, तिचं लांब जाणं — सगळं या बाईने याच घरात बघितलं. तिचा कप ठरलेला, खुर्ची ठरलेली, न्हाणीघरातलं स्टूल ठरलेलं. भाजीवाला मला विचारत नाही, तिला विचारतो, आज काय देऊ. आणि तरी 'आलेय'! जशी काही पाहुणी. उद्या पिशवी उचलेल आणि निघेल. 'राहते' म्हटलं असतं तर काय जिभेला काटा टोचला असता?

दादाचं घर मात्र 'आमचं घर'. तिथे ही सलग दोन आठवडे राहिल्याचं मला आठवत नाही. पण बोलताना — आमच्या घरी पाणी दिवसभर असतं, आमच्या घरी वारा छान येतो. मुलाचं ते आमचं आणि मुलीचं ते तिचं. ही व्याकरणाची चूक कुणी तपासत नाही.

ह्यांना सांगितलं. पेपर खाली न करता म्हणाले, "तुझं कचेरीतलं काम घरी आणू नकोस."

म्हणजे लागलं ते मला नाही, माझ्या कामाला लागलं. बरंय.

९ फेब्रुवारी, रविवार

दादा-वहिनी आले. फोन न करता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दादाने नवीन घर घेतलंय. जुन्यापेक्षा मोठं, एक खोली जास्त. ती जास्तीची खोली आईची. चहा होईपर्यंत त्याला दम नव्हता. "आता आईची सोय झाली," म्हणाला. सोय! म्हणजे आतापर्यंत गैरसोय होती वाटतं. मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी वगैरे आणून म्हणतो, "तू इतकी वर्षं आईला ठेवून घेतलंस, मी विसरणार नाही."

मी रात्रंदिवस शब्दांच्या मापात असते, हा माझाच दोष. शेळ्या राखतात. कुत्रं पाळतात. सामान ठेवून घेतात. आईला सांभाळतात. चार पर्याय, एकच बरोबर, आणि माझ्या सख्ख्या भावाने नेमका चकवा उचलला. मी बिस्किटांची बशी पुढे केली.

त्याचं जाऊ दे. तो पहिल्यापासून तसाच. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर शेळ्यांचं कौतुक करायचं. मला लागलं ते आईचं. तिने 'बघू', 'विचार करते', काही म्हणजे काही म्हटलं नाही. तोंड उजळलं तिचं. "खिडकी कुठल्या बाजूला आहे रे?" विचारलं. झालं ठरलं. पुढच्या रविवारी न्यायला येणार.

ते गेल्यावर ही लगेच माळ्यावरची बॅग काढायला सांगते! ह्यांनी काढून दिली. धूळ उडाली, मी तीच पुसत बसले.

११ फेब्रुवारी

आई बॅग भरतेय. मदत मागितली नाही. मी केली नाही.

१३ फेब्रुवारी

खालच्या शिंपीणबाईंकडे पेटीकोट टाकून आली. उंची कमी करायला. मी म्हटलं, परवा-तेरवा जायचंय, हे कशाला मध्येच? दादाच्या तिकडे काय शिंपी नाहीत? तर म्हणे, "हिचा हात चांगला आहे." झालं. मी मेले तर माझ्या हाताबद्दल एवढं बोलेल का, देव जाणे.

मग न राहवून विचारलंच. भांडी आवरताना, पाठमोरी राहून, जसं काही सहज. किती दिवसांसाठी जातेयस?

"बघू," म्हणाली.

'बघू' या शब्दाचा अर्थ मला सांगायला नको. आपल्याकडे नाही म्हणायचं नसलं की बघू म्हणतात.

आजीच्या प्रश्नाची आज तिसरी मांडणी केली. 'सुटते' चालेना, हास्यास्पद वाटतं. पुन्हा 'निघते' घेतलं आणि वाक्यातच खूण वाढवली — 'पुन्हा भेटायचं आहे हे ठाऊक असल्याने आजी दारातून म्हणाली.' फूटपट्टीने मान डोलावली, पण सही केली नाही. म्हणाला, सोमवारी बघू. हाही बघू!

१५ फेब्रुवारी

उद्या. हे म्हणाले, नीट बोल तिच्याशी, निघायच्या आधी. मी म्हटलं, तिला ऐकू येत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

गेली.

लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळपासून मी कामात होते. जेवून जा म्हटलं होतं, दोन भाज्या केल्या, तर वहिनीला ऊन व्हायच्या आत पोचायचं होतं. म्हणून नुसता चहा. आई तयार होऊन कधीची बसलेली, मांडीवर पिशवी, शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखी. मला ते बघवेना. मी आत गेले आणि मिक्सर लावला. काही वाटायचं नव्हतं. भांडं रिकामंच होतं. रिकामा मिक्सर घरघरत होता आणि मी ओट्याला धरून उभी. रडू आलं तर कुणाला ऐकू जायला नको, एवढंच.

दारातून आईचा आवाज आला. तिचा तो मोठ्ठा आवाज. खालून दादा हॉर्न वाजवत होता, वर माझा मिक्सर. तरी ऐकू आलं मला. "जाते गं!"

जाते.

येते नाही. जाते.

मी मिक्सर लगेच बंद केला नाही. बंद करून बाहेर आले तेव्हा जिन्यात पावलं होती, खूप खाली. हे बॅग घेऊन तिच्याबरोबर उतरले होते. खिडकीशी गेले नाही.

ज्या बाईने मला दारातून परत बोलवून बोलवून 'येते' म्हणायला लावलं! कधी चुकून 'जाते' म्हटलं तर जीभ चावायला लावली! ती विसरून म्हणेल? तिच्या तोंडून तो शब्द उगाच निघेल? मुळीच नाही. माणूस म्हातारं होतं, पण असं काही विसरत नाही. जिथे परत यायचं नाही तिथे जाते म्हणतात. तिला शब्द बरोबर माहीत होता आणि तिने बरोबर वापरला. पैकीच्या पैकी मार्क.

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "नीट ऐकलंस? मिक्सर चालू होता ना?"

मी म्हटलं, माझे कान अजून शाबूत आहेत.

१७ फेब्रुवारी

कचेरीत गेल्या गेल्या फूटपट्टी समोर उभा. चेहरा पडलेला. म्हणाला, मॅडम, मी काल घरी सगळ्यांना विचारलं. आजीने तर वेड्यातच काढलं, म्हणाली, 'जाते' म्हणतं का कुणी? तेव्हा तुमचंच बरोबर. प्रश्न घेऊ या. सही करायला पेनही काढलं होतं.

"नको," मी म्हटलं. "काढून टाका. म्हणतात 'जाते'. मी ऐकलंय."

पंधरा दिवस ज्या शब्दासाठी मी त्याच्याशी भांडले, तोच शब्द मी त्याच्या हातून लाल पेन घेऊन खोडला. चांगली आडवी रेघ मारली. फूटपट्टी लावून.

त्या जागी त्याने दुसरा घातला. 'सूर्य पूर्वेला ____.' उगवतो, मावळतो, बुडतो, लपतो. यावर कोणीही हरकत घेणार नाही.

२० फेब्रुवारी

आईची खोली झाडली. झाडली म्हणजे काय, दारात केरसुणी घेऊन उभी राहिले.

निम्म्या वस्तू इथेच. शाल इथे. जाड भिंगाचा जुना चष्मा इथे. उशी, जिच्याशिवाय तिला झोप येत नाही म्हणते, ती इथे. न्हाणीघरातलं स्टूल इथे. नेलं काय, चार कपडे आणि औषधं. नवीन घर, नवीन खोली, तिथे नवीन उशी मिळेल. जुनं आपलं इकडे टाकून गेली. मी पण त्यातच.

आणि दाराजवळच्या खुंटीवरची जादा किल्ली नाही! कधीपासून नाही, देवाला ठाऊक. सगळीकडे शोधली. ड्रॉवर, टीव्हीची मागची बाजू, ह्यांचे खिसे. हे म्हणतात, काखेत कळसा असेल तुझ्या. मग कामवाल्या मावशींना विचारलं, खुंटीवरची किल्ली तुम्ही उचलली का? उचलली — हा शब्द तोंडातून गेला आणि त्यांचा चेहरा बदलला. 'पाहिली का' विचारायचं होतं. मी, शब्दांची मापं काढणारी! मावशी फडकं नळाला लावून, हात पुसून, न बोलता गेल्या.

२१ फेब्रुवारी

मावशी आल्या नाहीत. रुसल्या असत्या तर समजूत काढली असती. रुसलेलं माणूस समजूत काढायला कोणीतरी येईल म्हणून थांबलेलं असतं. त्या रागावल्यात. रागावलेलं माणूस थांबत नाही.

आणि मी कोण? रुसलेली की रागावलेली? हा प्रश्न कुठल्याही पेपरात घालणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आईचा फोन नाही. दादाचा आला. "मजेत आहे, जेवते, झोपते." फोन दे म्हटलं तर म्हणे, ती फोनवर यायला मागत नाही, ऐकू येत नाही म्हणते. मैत्रिणीशी तासभर बोलताना येतं बरं ऐकू!

मग मामाचा फोन. मामाला आता फार हायसं वाटतंय. बहीण शेवटी मुलाच्या घरी पोचली. पोचली — पार्सल पोचतं तशी. इतकी वर्षं रस्त्यातच पडून होती बिचारी, माझ्या घरात. मामा म्हणाला, "तू केलंस गं, पण मुलगा तो मुलगा." मी म्हटलं, खरंय मामा, आणि सूर्य पूर्वेला उगवतो. त्याला काही कळलं नाही. हो हो म्हणाला.

२६ फेब्रुवारी

कुलूप बदललं.

किल्ली कुठे आहे ठाऊक नाही, कुणाच्या हाती लागली ठाऊक नाही. दिवसभर मी बाहेर, हे दुपारी ढाराढूर. धोका कशाला घ्या? कुलूपवाला म्हणाला, "बाई, जुनं मजबूत आहे. नुसती किल्ली पाडून देतो की." मी म्हटलं, नको, नवंच बसव. त्याने खटाखट काढलं, बसवलं. जुनं कुलूप माझ्या हातात दिलं. राहू द्या, म्हणाला, कामाला येईल. मी ते खालच्या ड्रॉवरमध्ये टाकलं, तुटक्या कात्र्या असतात तिथे.

हे म्हणाले, "दोनच किल्ल्या दिल्यात त्याने. तिसरी?"

कुणासाठी, मी विचारलं. तुम्ही आणि मी. ज्यांना यायचं असेल त्यांच्यासाठी बेल आहे.

त्यांनी आपली किल्ली खिशात टाकली. माझ्याशी वाद घालून काय मिळतं ते त्यांना चांगलं माहीत आहे.

१ मार्च

आईच्या खोलीत माझं टेबल हलवलं. उजेड बरा येतो. इतकी वर्षं कशी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून प्रश्न काढत होते, कोण जाणे.

शाल घडी करून कपाटात वर ठेवली. हात पुरेना म्हणून तिच्याच स्टुलावर चढले.

५ मार्च

पेपर छपाईला गेला. फूटपट्टीने सगळ्यांना चहा पाजला. मला बाजूला घेऊन म्हणाला, मॅडम, तो आजीचा प्रश्न मला फार आवडला होता. पुढच्या वेळी घेऊ? मी म्हटलं, आजी वारली. तो गोरामोरा झाला. मग मला वाईट वाटलं. पोरगा वाईट नाही. त्याची फूटपट्टीच तेवढी सरळ आहे, त्याला तो काय करणार.

मावशींच्या घरी गेले होते. दारात उभं करून, "उद्या येते," म्हणाल्या. येते म्हणाल्या. बघू.

६ मार्च

मावशी आल्या. एक शब्द बोलल्या नाहीत, पण आल्या. चहा अर्धा ठेवला नेहमीसारखा.

९ मार्च, रविवार

दादाचा फोन. आवाजातली साखर संपलेली. वहिनी मागून काहीतरी सांगत होती, हा तेच माझ्या कानात ओतत होता.

आईचं काहीतरी बिनसलंय म्हणे. बॅग अजून उघडलेली नाही. उघडते, लागेल ते काढते, धुतलं की घडी करून परत बॅगेत. वहिनीने अख्खं कपाट रिकामं करून दिलंय, ते तसंच रिकामं. काल शेजारची बाई ओळख करून घ्यायला आली तर आई तिला म्हणाली, 'मुलाकडे आलेय.' वहिनीला ते भारी लागलं. "आलेय काय गं," दादा म्हणाला, "तिचं घर नाही का हे? लोकांना काय वाटेल?"

मला पहिल्यांदा हसू आलं. मग ते थांबलं. माझ्याकडेही आलेय, त्याच्याकडेही आलेय. मग ही बाई राहते कुठे? बाबा गेल्यावर हिचं घर कोणतं, हे आम्हा दोघांपैकी कोणी हिला विचारलं? त्याने 'सोय' केली, मी शब्द मोजत बसले.

मग दादा म्हणाला, "आणि ती किल्ली कसली गं? रुमालात गाठ मारून उशीखाली घेते. वहिनीने रुमाल धुवायला मागितला तर दिला नाही. मी विचारलं, कसली किल्ली, तर म्हणाली, घराची. म्हटलं, कुठल्या घराची? तर माझ्याकडेच असं बघितलं. 'घराला काय नाव असतं का?' म्हणाली."

मी तिथेच, तिच्या खोलीत, माझ्या टेबलाच्या खुर्चीवर बसले. फोन दे तिला म्हटलं. आत्ताच्या आत्ता दे.

खूप वेळ नुसती खडखड. मग तिचा तो आवाज, तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाणारा.

"अगं पेटीकोट झाले का बघ आधी! ती बाई विसरते, मागे लागावं लागतं."

आई, मी म्हटलं, निघताना तू 'जाते' म्हणालीस. मी ऐकलं. मोठ्यांदा, ओरडून म्हटलं, नाहीतर तिला ऐकू गेलं नसतं. हे दारात येऊन उभे राहिले.

"वेडी की काय! जाते म्हणेन मी? जाऊन येते म्हटलं. जाऊन येते गं, असं म्हटलं. तुझा तो मेला मिक्सर — बाहेर आली पण नाहीस."

जाऊन येते. जा आणि ते. मधलं माझ्या मिक्सरने गिळलं आणि ती रिकामी जागा मी मला हवी तशी भरली. शाल, उशी, स्टूल, पेटीकोट, खुंटी — वाक्यभर खुणा होत्या. एकही वाचली नाही. माझ्या पेपरात मी असल्या उमेदवाराला शून्य देते.

मग किल्ली कशाला नेलीस, विचारलं. उत्तर ठाऊक होतं तरी विचारलं.

"तू कचेरीत, जावईबापू दुपारचे झोपलेले. बेल वाजवत कोण बसणार? माझी मी दार उघडीन. दादाला सांग ना, बुधवारी सोडायला. त्याचं मन राखायला आले होते. झालं की आता."

१० मार्च

कुलूपवाल्याला त्याने दुकान उघडायच्या आधीच गाठलं. ड्रॉवरमधलं कुलूप त्याच्यापुढे ठेवलं. म्हणाला, अहो बाई, आत्ताच तर नवं बसवलं, त्यात काय खराबी निघाली? म्हटलं, काही नाही. जुनंच बसव.